औद्योगिक कॅमेऱ्याला बाहेरून ट्रिगर देताना: वेळेचा हिशेब मिलिमीटरमध्ये

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत तपासणीचे कॅमेरे आता केवळ मोठ्या कारखान्यांपुरते राहिलेले नाहीत. सुटे भाग बनवणाऱ्या लहान शेडमध्येही कन्व्हेयरच्या वर एखादा कॅमेरा बसवलेला दिसतो. कॅमेरा, लेन्स आणि सॉफ्टवेअर यांची निवड बहुधा विक्रेत्याच्या मदतीने नीट होते. अडते ते जॉब (तपासायचा सुटा भाग) नेमका कॅमेऱ्याखाली असतानाच चित्र टिपण्यापाशी, कारण हे काम सेन्सर, वायरिंग, पीएलसी (लाइनचे नियंत्रण करणारा औद्योगिक संगणक), कॅमेरा आणि दिवा अशा पाच ठिकाणी विभागलेले असते आणि त्याची जबाबदारी कोणा एकाकडे नसते. मेंटेनन्स आणि ऑटोमेशन विभागातील मंडळींना ही जुळणी स्वतः करता यावी, यासाठी पुढील मांडणी केली आहे.

कॅमेरा मोकळा, म्हणजे फ्री रन मोडमध्ये चालवला, तर तो स्वतःच्या घड्याळाप्रमाणे चित्रे काढत राहतो. सेकंदाला २० चित्रे असतील, तर दर ५० मिलिसेकंदांनी एक. पट्ट्यावरून जाणाऱ्या जॉबला त्या घड्याळाशी काही देणेघेणे नसते, त्यामुळे एका चित्रात तो मध्यभागी येतो, दुसऱ्यात कडेला कापला जातो आणि तिसऱ्यात दोन अर्धे जॉब दिसतात. म्हणून ‘जॉब आला’ ही खबर बाहेरून एका विद्युत संकेताने कॅमेऱ्याला द्यावी लागते. हाच बाह्य ट्रिगर होय.

आधी कागदावर हिशेब

वायर जोडण्यापूर्वी एक हिशेब करावा, आणि तो मिलिसेकंदांत न थांबवता मिलिमीटरपर्यंत न्यावा. समजा, ६० मिलिमीटर व्यासाची कडी मिनिटाला ३० मीटर वेगाच्या पट्ट्यावरून जात आहे. हा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजेच मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर होतो. चालीच्या दिशेने कॅमेऱ्याला १०० मिलिमीटर दिसत असतील आणि त्या दिशेने २००० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल ०.०५ मिलिमीटरचा झाला. जॉब एक पिक्सेल सरकायला ०.१ मिलिसेकंद, म्हणजे १०० मायक्रोसेकंद लागतात. चित्र एका पिक्सेलपेक्षा जास्त पुसट होऊ द्यायचे नसेल, तर एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेरा प्रकाश घेतो त्या वेळेची, कमाल मर्यादा इथेच ठरली. एक मिलिसेकंदाचे एक्स्पोजर ठेवले, तर जॉबची कड दहा पिक्सेलांवर पसरेल आणि पुढे कितीही चांगले सॉफ्टवेअर वापरले तरी ती धारदार होणार नाही.

दुसरी मर्यादा जागेची. १०० मिलिमीटरच्या चौकटीत ६० मिलिमीटरचा जॉब मध्यभागी असला, तर दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर मोकळे राहतात. त्यातील निम्मे राखीव ठेवावेत. उरलेल्या मागेपुढे १० मिलिमीटरांचा अर्थ मागेपुढे २० मिलिसेकंद असा होतो. ही सवलत बरीच सैल आहे. पीएलसीमार्फत ट्रिगर दिला आणि तिच्या स्कॅनमुळे, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका फेरीला लागणाऱ्या वेळेमुळे, १० मिलिसेकंदांचा फरक पडला, तरी जॉब ५ मिलिमीटरच सरकेल. तो चौकटीतच राहील आणि सॉफ्टवेअर त्याची जागा शोधून घेईल. ‘ट्रिगर थेट कॅमेऱ्यालाच दिला पाहिजे’ असा आग्रह इथे धरण्याची गरज नाही. मात्र हाच पट्टा मिनिटाला १२० मीटर वेगाने धावू लागला, की तोच १० मिलिसेकंदांचा फरक २० मिलिमीटरचा होतो, जॉब चौकटीबाहेर जाऊ लागतो आणि एक्स्पोजरची मर्यादाही २५ मायक्रोसेकंदांवर येते. म्हणून जोडणी कशी करायची हे सवयीवर किंवा शेजारच्या लाइनवर काय आहे यावर न ठरवता या आकड्यांवर ठरवावे.

या हिशेबात एक भेद नीट ध्यानात घ्यावा. सेन्सरला जॉब ओळखायला लागणारा वेळ, कॅमेऱ्याच्या इनपुटला लागणारा वेळ, मुद्दाम दिलेला विलंब, हे सगळे प्रत्येक वेळी सारखेच असतील तर त्यांचा काहीही त्रास नाही. सेन्सर थोडा पुढेमागे सरकवला, की ते भरून निघतात. त्रास होतो तो या विलंबात दर खेपेला पडणाऱ्या फरकाचा, ज्याला जिटर म्हणतात, कारण तो कोणत्याही सेटिंगने भरून काढता येत नाही. विक्रेत्याशी बोलताना ‘विलंब किती’ एवढेच विचारून थांबू नये. ‘विलंब किती बदलतो’ हे विचारावे.

सेन्सर आणि त्याची जागा

साधारण फोटो सेन्सरचा प्रतिसाद अर्ध्या ते एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो. आपल्या उदाहरणात तो अर्धा मिलिमीटर होतो, म्हणजे नगण्य. पण सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे आणि तो जॉबचा कोणता बिंदू पाहतो, याने कित्येक मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. वरून खाली पाहणारा आणि परावर्तित प्रकाशावर चालणारा सेन्सर गोल कडीसाठी वापरला, तर कडी पट्ट्यावर डावी-उजवीकडे सरकताच तिची कड त्या ठिपक्यापाशी लवकर किंवा उशिरा पोहोचते. शिवाय तेलकट काळा जॉब आणि घासून चकचकीत झालेला जॉब यांच्यावर तो वेगवेगळ्या क्षणी चालतो. त्याऐवजी पट्ट्याच्या आडवा जाणारा, समोरासमोर प्रेषक आणि ग्राहक असलेला थ्रू-बीम सेन्सर लावला, तर जॉब कुठेही असला तरी त्याचे सर्वांत पुढचे टोकच किरण तोडते. माझ्या मते मोजमापाच्या कामात हाच पर्याय पहिला पाहावा, जरी त्याला दोन बाजूंनी वायर ओढावी लागत असली तरी.

दोन जॉब एकमेकांना चिकटून आले, तर किरण मोकळाच होत नाही आणि दुसऱ्या जॉबचा ट्रिगर निघत नाही. यावर कॅमेऱ्यात उपाय नाही. आधीच्या पट्ट्यापेक्षा पुढचा पट्टा किंचित जास्त वेगाने चालवून जॉबमध्ये अंतर पाडणे, हा यांत्रिक उपायच करावा लागतो.

लातूरच्या डाळमिलमध्ये किंवा जालन्याच्या बियाणे प्रक्रिया केंद्रात धुळीचा विचार आधी करावा लागतो. काचेवर भुसा बसत गेला, की सेन्सरला मिळणारा प्रकाश कमी होतो आणि त्याचा चालण्याचा क्षण हळूहळू सरकतो. सेन्सर बंद पडत नाही, म्हणून हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. काच पुसण्याचे काम शिफ्टच्या यादीत लिहिलेले असावे. जालन्याच्या री-रोलिंग मिलमधील तापलेल्या सळईची गोष्ट आणखी निराळी आहे: ती स्वतःच अवरक्त किरण फेकते, त्यामुळे साधा अवरक्त फोटो सेन्सर गोंधळतो आणि तिथे तापलेल्या धातूसाठीच बनवलेला हॉट मेटल डिटेक्टर घ्यावा लागतो.

वायरिंग

कॅमेऱ्याच्या मागे बहुधा ६ किंवा १२ पिनांचा गोल कनेक्टर असतो. त्यातील पिनांचा क्रम आणि केबलमधील तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून जुन्या कॅमेऱ्याची केबल नव्याला जशीच्या तशी लावू नये. त्या मॉडेलचा पिन-नकाशा समोर ठेवूनच जोडणी करावी. नेटवर्क केबलमधूनच वीज मिळत असली, तरी ट्रिगरसाठी ही केबल वेगळी लागतेच.

इनपुट दोन प्रकारचे असतात. ऑप्टोकपलर असलेल्या इनपुटमध्ये बाहेरचा संकेत आतल्या एका लहान एलईडीला पेटवतो आणि पुढचे मंडळ केवळ त्या प्रकाशाने चालते. दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध येत नाही. पॅनेलमधील २४ व्होल्टची जोडणी सहसा याच इनपुटला करतात. दुसरा प्रकार थेट जीपीआयओचा. तो वेगवान असतो, पण ३.३ किंवा ५ व्होल्टच्या पातळीवर चालतो आणि त्याला अलगाव नसतो. त्यावर २४ व्होल्ट गेले, तर इनपुट जळतो, कधी कॅमेराही जातो. कनेक्टरमध्ये हे दोन्ही इनपुट शेजारी शेजारी असू शकतात, म्हणून मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासून मगच वीज द्यावी.

ऑप्टो इनपुटचा परतीचा मार्ग, म्हणजे त्याचा ग्राउंड, कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्याच्या ग्राउंडपेक्षा वेगळा असतो. सेन्सरची वायर जोडली, सेन्सरवरचा दिवा लुकलुकतो, तरी कॅमेरा हलत नाही, अशी तक्रार आली की सर्वप्रथम ही परतीची तार पाहावी. सेन्सर नवा घ्यायचा असेल, तर आपल्याकडील पॅनेलच्या पद्धतीप्रमाणे पीएनपी घ्यावा. तो चालू झाला की २४ व्होल्ट बाहेर देतो आणि जोडणी सरळ होते. एनपीएन सेन्सर आधीपासूनच बसवलेला असेल, तर तो जमिनीकडे ओढतो, म्हणून कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत दिलेल्या आकृतीप्रमाणे पुल-अप रेझिस्टर लावावा लागतो आणि संकेत उलटा होतो, हे पुढे सेटिंग करताना आठवणीत ठेवावे.

ऑप्टोकपलर चालू व्हायला थोडा आणि बंद व्हायला त्याहून जास्त वेळ घेतो. हा वेळ काही मायक्रोसेकंदांपासून काही दशक मायक्रोसेकंदांपर्यंत असतो आणि तो व्होल्टेज, तापमान व वय यांनुसार बदलतो. म्हणून जॉब येताच ऑप्टोमध्ये प्रवाह सुरू होईल अशी सेन्सरची जोडणी करून चालू होण्याचीच कड ट्रिगरसाठी वापरावी. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी पॅनेल आणि कॅमेरा दोन्ही तापलेले असतात. वेगवान लाइनवर अंतिम मोजणी त्या वेळीही एकदा करून पाहावी.

ट्रिगरच्या मार्गात रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा यांत्रिक स्विच, कधीही घालू नये. रिले ओढायलाच अनेक मिलिसेकंद घेतो, त्याचा वेळ दर खेपेला बदलतो आणि त्याचे संपर्क उडून एका जॉबचे दोन-तीन ट्रिगर होतात. पीएलसीमधून ट्रिगर द्यायचा असेल, तर तिचे आउटपुट ट्रान्झिस्टरचे असावे, तिच्या इनपुटचा फिल्टर किती मिलिसेकंदांचा आहे ते पाहावे आणि शक्य असेल तर तो भाग स्कॅनची वाट न पाहणाऱ्या इंटरप्टमध्ये लिहावा.

व्हीएफडीपासून (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हपासून) मोटरकडे जाणारी केबल ही ट्रिगरची सर्वांत मोठी शत्रू आहे. दोन्ही एकाच ट्रेमधून नेल्या, तर पट्टा चालू होताच कॅमेरा रिकामी चित्रे काढू लागतो. शील्ड असलेली केबल घ्यावी, ती व्हीएफडीच्या केबलपासून दूर न्यावी, ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी आणि शील्ड कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अर्थ करावी. एवढे करूनही उरलेला गोंगाट कॅमेऱ्यातील डिबाउन्सरने गाळावा. त्यात १०० मायक्रोसेकंद भरले, की त्याहून लहान स्पंद कॅमेरा मानत नाही. पण खरा ट्रिगरही तेवढ्याच उशिराने मानला जातो. हा उशीर ठरावीक असल्यामुळे चालतो. मात्र वायरिंग नीट न करता डिबाउन्सर कित्येक मिलिसेकंदांपर्यंत वाढवत नेणे म्हणजे दुखणे सोडून पट्टी बांधणे होय.

कॅमेऱ्यातील सेटिंग

बहुतेक औद्योगिक कॅमेरे जेनआयकॅम या मानकाप्रमाणे चालतात, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी नावे जवळजवळ तीच सापडतात. चित्रे घेणे थांबवून आधी ट्रिगर सिलेक्टरमध्ये फ्रेम स्टार्ट निवडावा, कारण पुढच्या सर्व नोंदी त्या निवडलेल्या ट्रिगरलाच लागू होतात. दुसराच ट्रिगर निवडलेला राहिला, तर सगळे बरोबर भरूनही अपेक्षित परिणाम दिसत नाही. त्यानंतर ट्रिगर सोर्समध्ये ज्या पिनेवर सेन्सर आहे ती लाइन, ट्रिगर ॲक्टिव्हेशनमध्ये रायझिंग किंवा फॉलिंग एज आणि शेवटी ट्रिगर मोड ऑन करावा. चित्र बरोबर जॉबच्या लांबीइतके सरकलेले दिसले, तर एज उलटी निवडली गेली आहे आणि जॉबच्या शेपटीवर ट्रिगर होत आहे, असे समजावे.

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद करावेत. प्रत्येक जॉबला वेगळा एक्स्पोजर मिळाला, तर तपासणीलाच अर्थ उरत नाही. फ्रेम रेटची मर्यादा घालणारी सोयही बंद करावी; ती चालू राहिली, तर त्या मर्यादेपेक्षा जवळ आलेले ट्रिगर कॅमेरा गिळून टाकतो. सगळे जमल्यावर ही मांडणी यूझर सेटमध्ये साठवून तोच सेट सुरुवातीला उघडेल असे ठरवावे. आपल्याकडे वीज जाणे-येणे नवे नाही, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा फॅक्टरी सेटिंगवर, म्हणजे पुन्हा फ्री रनमध्ये जागा झाला, तर रात्रपाळीचा ऑपरेटर काय करणार?

एक्स्पोजर किती वेळ चालेल हे दोन पद्धतींनी ठरते. टाइम्ड पद्धतीत ट्रिगर केवळ सुरुवात करतो आणि वेळ कॅमेरा मोजतो. ट्रिगर विड्थ पद्धतीत संकेत जितका वेळ चालू, तितके एक्स्पोजर. दुसरी पद्धत ऐकायला सोयीची वाटते. पण ऑप्टोकपलर चालू होण्यापेक्षा बंद व्हायला जास्त वेळ घेत असल्यामुळे १०० मायक्रोसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्या फरकाचा वाटा मोठा होतो आणि चित्राची उजळता डळमळते. लहान एक्स्पोजरसाठी टाइम्ड पद्धतच ठेवावी.

सेन्सरपासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर

सेन्सर नेमका कॅमेऱ्याखाली बसवता आला, तर विलंबाचा प्रश्नच उरत नाही. जागेअभावी तो अलीकडे बसवावा लागतो, आणि मग ट्रिगर डिलेचा आधार घेतात. सेन्सर १५० मिलिमीटर अलीकडे असेल, तर आपल्या पट्ट्यावर ३०० मिलिसेकंदांचा विलंब भरावा लागेल. पट्ट्याचा वेग पाच टक्क्यांनी उतरला, तर त्या ३०० मिलिसेकंदांत जॉब १४२.५ मिलिमीटरच जाईल आणि चित्रात साडेसात मिलिमीटर मागे दिसेल. थेट विजेवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचा वेग भार आणि व्होल्टेज यांनुसार थोडा हलतोच. विलंबाला आणखी एक मर्यादा आहे: तो चालू असताना दुसरा जॉब सेन्सरपाशी आला, तर अनेक कॅमेरे त्या ट्रिगरची रांग लावत नाहीत, तो सोडून देतात. म्हणून जॉबमधील किमान अंतरापेक्षा सेन्सरचे अंतर कमी ठेवावे.

वेग बदलणारच असेल, तर वेळ मोजणे सोडून अंतर मोजावे. पट्ट्याबरोबर फिरणाऱ्या रोलरवर एन्कोडर (फिरण्याच्या प्रमाणात पल्स देणारे उपकरण) बसवला, रोलरचा परीघ २०० मिलिमीटर आणि एन्कोडर एका फेऱ्यात १००० पल्स देणारा असला, की प्रत्येक पल्स ०.२ मिलिमीटरची होते आणि १५० मिलिमीटरांसाठी ७५० पल्स मोजाव्या लागतात. पट्टा हळू चालो, थांबो किंवा पुन्हा सुरू होवो, ट्रिगर त्याच जागी निघतो. ही मोजणी काही कॅमेऱ्यांतील काउंटरने होते, अन्यथा पीएलसीच्या हायस्पीड काउंटरने करावी. एन्कोडर मोटरच्या ड्रमवर बसवू नये. पट्टा तिथे घसरतो. मागच्या मोकळ्या रोलरवर किंवा पट्ट्याला टेकलेल्या मोजणीच्या चाकावर तो खरा आकडा देतो.

एकेक ओळ टिपणाऱ्या लाइन स्कॅन कॅमेऱ्याला एन्कोडरवाचून चालतच नाही, निदान लांबी मोजायची असेल तेव्हा. वरच्याच एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही मार्गिकांच्या सर्व कडा मोजल्या, तर एका पल्सच्या जागी चार मिळतात आणि ०.०५ मिलिमीटरला एक ओळ काढता येते. सेकंदाला ५०० मिलिमीटर वेगाला या १०,००० ओळी झाल्या. प्रत्येक ओळीला १०० मायक्रोसेकंद मिळतात आणि एक्स्पोजर त्याच्या आत बसवावे लागते. पट्टा याहून जोरात गेला, तर ओळी गळतात आणि चित्रातील जॉब आखूड दिसतो. दोन्ही मार्गिका घेण्याचे आणखी एक कारण आहे: थांबताना पट्टा हिसका देऊन मागे येतो, आणि एकच मार्गिका असली तर ती मागची हालचालही पुढची म्हणून मोजते.

डाळमिलमधील कलर सॉर्टर हा याच विषयाचा चुलतभाऊ आहे. तिथे लाइन स्कॅन कॅमेरा ठरावीक गतीने ओळी काढत राहतो आणि वेळेचे सगळे काम दाणा कॅमेऱ्यासमोरून गेल्यानंतर सुरू होते. अर्धा मीटर मोकळा पडलेला दाणा सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने जातो. हवेचा झोत देणारा व्हॉल्व्ह १० सेंटिमीटर खाली असेल, तर हातात जेमतेम ३० मिलिसेकंद उरतात. तिथे विलंब पाच मिलिसेकंदांनी चुकला, की खराब दाण्याऐवजी त्याच्या मागचा किंवा पुढचा चांगला दाणा उडतो.

शटर आणि दिवा

रोलिंग शटरच्या कॅमेऱ्यात सगळ्या ओळींचे एक्स्पोजर एकाच वेळी सुरू होत नाही; प्रत्येक ओळ आधीच्या ओळीनंतर थोड्या वेळाने सुरू होते. २००० ओळी आणि प्रत्येकी १० मायक्रोसेकंद धरले, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीत २० मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि तेवढ्यात आपली कडी १० मिलिमीटर पुढे गेलेली असते. ती लंबगोल किंवा तिरपी दिसते. हलत्या जॉबसाठी सगळ्या ओळी एकदम टिपणारा ग्लोबल शटरच घ्यावा. किमतीतील फरकाचे कारण सांगून कोणी रोलिंग शटर पुढे केला, तर मिलिमीटरचा हा आकडा त्यांच्यापुढे ठेवावा.

१०० मायक्रोसेकंदांत पुरेसा प्रकाश मिळवणे हे वेगळेच काम आहे. शेडमधील सामान्य दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात, त्यामुळे त्यांतील अनेकांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण इतक्या लहान एक्स्पोजरला कळते आणि एक चित्र उजळ, दुसरे अंधारे येते. छपराच्या पारदर्शक पत्र्यांतून येणारे ऊन दिवसभर बदलते ते निराळेच. कॅमेऱ्याभोवती आच्छादन करून स्वतःचा एलईडी दिवा स्ट्रोब पद्धतीने लावावा. कॅमेऱ्याच्या आउटपुट लाइनवर एक्स्पोजर ॲक्टिव्ह हा संकेत निवडून तो दिव्याच्या कंट्रोलरला दिला, की एक्स्पोजरइतकाच वेळ दिवा पेटतो.

या आउटपुटमध्येही ऑप्टोकपलर असेल, तर दिवा काही दशक मायक्रोसेकंद उशिरा पेटतो, आणि ५० मायक्रोसेकंदांच्या एक्स्पोजरचा मोठा भाग अंधारात जातो. यावर मला पटलेला उपाय असा, की झोताची लांबी कंट्रोलरवर ठरवावी आणि एक्स्पोजर त्याहून थोडे मोठे ठेवावे, म्हणजे झोत पूर्णपणे एक्स्पोजरच्या आत बसतो. बाहेरचा प्रकाश नीट अडवलेला असला, तर चित्राचा पुसटपणा मग एक्स्पोजरने ठरत नाही, झोताच्या लांबीने ठरतो. क्षणभरासाठी एलईडीला तिच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा जास्त प्रवाह देता येतो, पण किती वेळ आणि किती अंतराने याची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. ती ओलांडली, तर दिवा लवकर जातो.

किती जवळचे ट्रिगर चालतील

माहितीपत्रकातील सेकंदाला इतकी चित्रे हा आकडा पूर्ण चौकट, लहान एक्स्पोजर आणि मोकळा नेटवर्क मार्ग धरून दिलेला असतो. ५० लाख पिक्सेलांचे ८ बिटांचे एक चित्र ५० लाख बाइट्सचे असते. गिगाबिट इथरनेटवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट जातात, म्हणजे सेकंदाला २३ चित्रांच्या आसपास. लागणार नसलेल्या ओळी कापल्या, तर हा आकडा वाढतो. आधीचे चित्र सेन्सर चिपमधून वाचले जात असतानाच पुढचे एक्स्पोजर सुरू करता येते, पण ते आधीचे वाचन पूर्ण होण्यापूर्वी संपता कामा नये. म्हणून फार लवकर आलेला ट्रिगर कॅमेरा नाकारतो. सरासरी अंतर पाहून निर्धास्त होऊ नये. मिनिटाला ६०० जॉब म्हणजे सरासरी १०० मिलिसेकंद, पण ते सारख्या अंतराने येत नाहीत, आणि चुकतो तो नेमका सर्वांत जवळ आलेला जॉब. फ्रेम ट्रिगर वेट हा संकेत आउटपुटवर घेता येत असेल, तर कॅमेरा पुढच्या ट्रिगरला तयार आहे की नाही, हे पीएलसीला कळते.

एकाच जॉबवर दोन-तीन कॅमेरे असतील आणि ते एकाच पॅनेलजवळ असतील, तर एकाच सेन्सरचा संकेत सर्वांना समांतर द्यावा. मात्र सेन्सरचे आउटपुट सर्व इनपुटांचा एकत्रित प्रवाह देऊ शकते का, ते पाहावे. कॅमेरे दूर असतील, तर आयईईई १५८८ या मानकाने, म्हणजे पीटीपीने, त्यांची घड्याळे नेटवर्कवरूनच मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळवता येतात, पण नेटवर्क स्विचही त्याला साथ देणारा लागतो. संगणकावरून दिलेला सॉफ्टवेअर ट्रिगर सेटिंग करताना आणि थांबलेल्या जॉबसाठी ठीक आहे; चालत्या पट्ट्यासाठी त्यावर विसंबू नये, कारण संगणक तो आदेश नेमका कधी पाठवेल याची हमी नसते.

प्रत्यक्ष मोजून पाहणे

दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप मिळाला, तर एकावर सेन्सरचा संकेत आणि दुसऱ्यावर एक्स्पोजर ॲक्टिव्ह लावावा. पहिल्याच्या कडेवर पडदा स्थिर करून दुसऱ्याची कड किती हलते ते पाहावे. तिथे दिसणारा पट्टा हाच इनपुट आणि कॅमेरा यांचा एकत्रित जिटर. ऑसिलोस्कोप नसेल, तरी काम अडत नाही. एकच जॉब पट्ट्यावर एकाच जागी चिकटवून तो अनेक वेळा कॅमेऱ्याखालून न्यावा आणि प्रत्येक चित्रात त्याची पुढची कड कितव्या पिक्सेलवर येते ते लिहून घ्यावे. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा आकडा यांतील फरक ०.०५ ने गुणला, की सेन्सरसकट संपूर्ण साखळीचा जिटर मिलिमीटरमध्ये मिळतो. तो सुरुवातीच्या हिशेबाशी ताडून पाहावा. हाच प्रयोग पट्टा मुद्दाम हळू आणि जलद चालवून केला, तर वेगावर अवलंबून असलेला विलंब लगेच उघडा पडतो.

मोजणीही जुळली पाहिजे. सेन्सरच्या पल्स पीएलसीत, फ्रेमचा क्रमांक कॅमेऱ्यात आणि निकालांची संख्या संगणकात, अशा तिन्ही संख्या शिफ्टच्या शेवटी सारख्या यायला हव्यात. पल्स जास्त आणि फ्रेम कमी असतील, तर ट्रिगर नाकारले जात आहेत. फ्रेम जास्त असतील, तर फ्री रन किंवा गोंगाट. निकालच कमी असतील, तर नेटवर्कवर चित्रे हरवत आहेत किंवा संगणक मागे पडतो आहे.

निकाल त्याच जॉबला

संगणकाला एका चित्रासाठी ४० मिलिसेकंद लागतील, दुसऱ्यासाठी ९०. म्हणून निकाल आला की लगेच रिजेक्टर (खराब जॉब पट्ट्यावरून बाहेर काढणारी यंत्रणा) उडवणे, हे मुळातच चुकीचे आहे. ट्रिगरच्या क्षणी पीएलसीने एन्कोडरचा आकडा नोंदवावा, निकाल आल्यावर तो त्या नोंदीला जोडावा आणि जॉब रिजेक्टरसमोर आल्याचे आकड्याने ठरल्यावरच सोलेनॉइडला आदेश द्यावा. निकाल जास्तीत जास्त १५० मिलिसेकंदांत येत असेल, तर आपल्या पट्ट्यावर जॉब तोवर ७५ मिलिमीटर गेलेला असतो. रिजेक्टर कॅमेऱ्यापासून २०० मिलिमीटरवर असला, तर सिलिंडरच्या चालण्याचा वेळही त्यात मावतो. वेळेत निकाल आला नाही, तर जॉब खराब धरूनच बाहेर काढावा.

शेवटची चाचणी खूण केलेल्या खराब जॉबने घ्यावी: तो चांगल्या जॉबच्या गर्दीत, कधी जवळ कधी लांब, असा वेगवेगळ्या जागी सोडावा आणि तोच बाहेर पडतो का ते पाहावे. त्यानंतर पट्टा मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावा, आणि एकदा मुख्य वीजच बंद करावी. वीज गेल्यावर पट्ट्यावरचे जॉब कोणीतरी हाताने उचलतो किंवा सरकवतो, आणि पीएलसीतील जुन्या नोंदी मात्र तशाच राहू शकतात. म्हणून वीज परत आल्यावर नोंदींचे रजिस्टर रिकामे झाल्याशिवाय आणि सेन्सर व रिजेक्टर यांमधील सर्व जॉब पुन्हा सेन्सरच्या अलीकडे ठेवल्याची खात्री ऑपरेटरने बटण दाबून दिल्याशिवाय पट्टा सुरू होणार नाही, अशी अट प्रोग्राममध्येच घालावी.